हरताळ आणि वस्तरा

एखाद्याने दिलेल्या शब्दाला किंवा घालून दिलेल्या नियमाला कोणी 'हरताळ फासला' असे आपण मराठीत सहज म्हणून जातो. हा हरताळ बाजारपेठा बंद पाडणारा नव्हे. पोथीची नक्कल करताना लेखकाच्या हातून अक्षर चुकले, की तो त्यावर एका पिवळ्या खनिजाचा लेप देई आणि चूक झाकून टाकी. ते खनिज म्हणजे हरताळ, आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. या हरताळाचा दुसरा उपयोग मात्र वाक्प्रचारात शिरला नाही, आणि म्हणूनच तो विस्मृतीत गेला. चुन्याबरोबर कालवून तो अंगाला लावला असता केस झडतात. पोथीवरचे अक्षर आणि कातडीवरचा केस, या दोहोंना नाहीसे करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी एकाच पिवळ्या दगडाचा आश्रय केला होता.

या जुन्या गोष्टीची आठवण होण्यास निमित्त अगदी नवे आहे. आम्ही राहतो ती बंगळूरची जयनगर वसाहत १९४८ साली वसू लागली. म्हणजे वयाने ती स्वतंत्र भारताच्या बरोबरीची. तिच्या स्थापनेची खूण म्हणून उभारलेला अशोकस्तंभ आजही त्या बाजूच्या वाटसरूंना दिशा दाखवितो. येथील चौथ्या ब्लॉकच्या बाजारात आता केस काढण्याच्या मलमाच्या नळ्या खास पुरुषांसाठी म्हणून वेगळ्या वेष्टनात मिळतात. आमच्या पिढीतील मंडळी त्या पाहून नाक मुरडतात. पुरुषाने वस्तरा सोडून बायकांचे मलम हाती घ्यावे, हे त्यांना विपरीत वाटते. तरुण मंडळींना त्यात आधुनिकता दिसते. आमच्या मते दोन्ही पक्ष इतिहासाला सोडून बोलतात. हे मलम आधुनिक नाही आणि मुळात ते बायकांचेही नव्हते. एवढेच नव्हे, तर त्याचा जो सर्वांत जुना व व्यवस्थित उल्लेख आम्हांस ठाऊक आहे, त्याचा प्रसाधनाशी संबंधच नाही. तो जखमेशी आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणावर करावयाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत 'लोमापहरण' हा एक आहे. जखमेभोवती केस दाट असतील आणि त्यामुळे ती नीट भरून येत नसेल, तर ते केस काढावेत, असा त्याचा आशय. त्यासाठी ग्रंथकार प्रथम वस्तरा, कात्री आणि चिमटा ही साधने सांगतो आणि लगेच पुढे लेप सांगतो: शंखाचे चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग. याच अध्यायात, केस गेलेल्या जागी ते पुन्हा उगवावेत म्हणून करावयाचा उपायही दिलेला आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वस्तरा आणि लेप ही त्या वैद्यांच्या दृष्टीने एकाच कामाची दोन साधने होती. एक पुरुषाचे व दुसरे स्त्रीचे, अशी वाटणी तेथे नाही; रोगी कोण आहे यापेक्षा जखम कशी आहे, हा प्रश्न तेथे मोठा आहे.

हा लेप काम कसा करतो, हे आता रसायनशास्त्राने उलगडून दाखविले आहे. केस ज्या द्रव्याचा बनतो त्याला केराटिन म्हणतात, आणि केराटिनच्या धाग्यांना एकमेकांशी घट्ट जखडून ठेवणारे दुवे गंधकाचे असतात. शंख भाजला की त्याचा चुना होतो. चुना आणि हरताळ पाण्यात एकत्र आले, की गंधकाचे तीव्र क्षार तयार होतात. हे क्षार केसातील गंधकाचे दुवे तोडतात. केस मऊ पडतो आणि पुसला असता निघून येतो. चामडे कमावणाऱ्या कारागिरांना हे रहस्य हाताने माहीत होते. कच्चे कातडे चुन्याच्या कुंडात भिजत घालून केस सैल करण्याची त्यांची रीत याच तत्त्वावर चालते. पुढे कारखान्यांतून चुन्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड आले, तेही याच कामासाठी. आजच्या मलमात हरताळाचे विष नसते. १९३० नंतरच्या काळात थायोग्लायकोलिक आम्लाचे क्षार वापरात आले. त्यांनी दुर्गंधी पुष्कळ कमी केली आणि आर्सेनिकचे भय घालविले. परंतु तत्त्व तेच राहिले.

आपल्याकडे हा लेप वैद्यकाच्या पोथीत राहिला. पश्चिमेकडील देशांत तो स्नानगृहात शिरला. इराण आणि अरब देशांच्या हमामखान्यांत 'नूरा' या नावाने चुना आणि हरताळ यांचा लेप पुरुष सर्रास वापरीत. तुर्कस्तानात त्याला 'रुस्मा' म्हणत, आणि युरोपीय प्रवाशांनी त्याची वर्णने मोठ्या कुतूहलाने लिहून ठेवली आहेत. ज्यू धर्मशास्त्राची गोष्ट याहून मनोरंजक आहे. दाढीच्या कडा नष्ट करू नयेत, अशी त्यांच्या ग्रंथाची आज्ञा आहे, आणि परंपरेने तिचा अर्थ वस्तऱ्याची बंदी असा केला. तेव्हा आज्ञाही मोडावयाची नाही आणि दाढीही ठेवावयाची नाही, अशा भाविक ज्यू पुरुषांना केस झाडणारी भुकटी हा मार्ग सापडला. कारण तीत पाते नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजामुळे महाराष्ट्राला ज्यू धर्माचा शेजार जुना आहे, म्हणून हा दाखला येथे परका वाटू नये.

अमेरिकेत १९०१ पासून 'मॅजिक' नावाची अशीच एक भुकटी मिळत आली आहे. तिचा मुख्य ग्राहक तेथील कृष्णवर्णीय पुरुष होता, आणि त्याचे कारण हौस नव्हते. ज्याचे केस कुरळे आहेत त्याने वस्तऱ्याने दाढी घोटली, की केसाचे टोक तिरके आणि अणकुचीदार होते. ते वाढताना वळून पुन्हा कातडीत घुसते आणि चेहऱ्यावर दुखऱ्या पुळ्या उठतात. लेपाने झडलेल्या केसाचे टोक बोथट राहते, म्हणून हा त्रास कमी होतो. सैन्यासारख्या ज्या नोकरीत रोज गुळगुळीत हनुवटी हा शिस्तीचा भाग मानला जाई, तेथे अशा माणसापुढे दोनच वाटा असत: चेहरा सोलून घ्यावा, नाही तर वरिष्ठांचा रोष पत्करावा. सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांना या पेचाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

मग असा जुना आणि उपयुक्त लेप हाताशी असताना आपल्या पुरुषांच्या गालावर वस्तऱ्याचेच राज्य का राहिले? याचे एक कारण कातडीत आहे, दुसरे समाजात.

कातडीचे कारण सोपे आहे. केराटिन केवळ केसात नसते. आपल्या त्वचेचा वरचा थरही त्याचाच बनलेला असतो. लेपाला केस कोणता आणि कातडी कोणती, हे कळत नाही. फक्त केस अधिक लवकर विरघळतो, आणि त्या थोड्या मिनिटांच्या अंतरावर सारा खेळ चालतो. दाढीचा केस राठ असतो, त्याला अधिक वेळ लागतो. आणि तेवढ्यात खालची नाजूक कातडी भाजून निघते. म्हणूनच छाती, पाठ, हातपाय यांसाठी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मलमांवर, ते चेहऱ्यास लावू नये, अशी स्पष्ट सूचना छापलेली असते.

समाजातील कारण याहून खोल आहे. वस्तरा हे केवळ हत्यार नव्हते; त्याच्यामागे एक माणूस होता. बारा बलुतेदारांत न्हाव्याचे स्थान ठरलेले होते. काखेत धोपटी मारून तो घरोघर फिरे आणि वर्षाकाठी खळ्यावर आपले बलुते घेई. 'हजामत' हा शब्द आपण फारसीच्या मार्गाने घेतला. पण ज्या अरबी शब्दापासून तो आला, त्याचा मूळ अर्थ दाढी करणे असा नसून तुंबडी लावून रक्त काढणे असा आहे. आपल्या गावचा न्हावीही तुंबड्या लावी आणि गळू फोडी. इंग्लंडातही हाच प्रकार होता; लंडनमध्ये नापित आणि शल्यवैद्य यांचा १५४० साली एक संघ झाला, तो १७४५ साली फुटून दोन झाले. म्हणजे केस आणि जखम या दोन गोष्टी सुश्रुताच्या अध्यायात जशा शेजारी आहेत, तशाच त्या लोकव्यवहारातही एकाच हातात होत्या.

हा हात मान खाली घालून चालणाऱ्याचा होता, असेही कोणी समजू नये. वारकरी परंपरेने सेना न्हावी यांना संतांच्या मालिकेत बसविले. आम्ही आज ज्या कन्नड मुलखात राहतो, तेथे बाराव्या शतकात बसवेश्वरांचे निकटचे सोबती हडपद अप्पण्णा वचने रचून गेले. आणि १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही असा निर्धार केला. शास्त्री आणि सुधारक ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद घालीत बसले होते, त्यावर त्या श्रमिकांनी आपले हत्यार खाली ठेवून उत्तर दिले. ही घटना आम्हांस फार मोलाची वाटते. वस्तरा धरणाऱ्या हाताला नकार देता येतो. दुकानातल्या नळीला तो देता येत नाही.

न्हाव्याच्या हातातून वस्तरा खरा काढून घेतला तो मलमाने नव्हे, तर पात्याने. किंग कॅम्प जिलेट याने १९०३ साली बदलत्या पात्याचा सुरक्षित वस्तरा बाजारात आणला, आणि पहिल्या महायुद्धाने तो सैनिकांच्या पाठपिशवीतून जगभर पोचविला. दाढी ही दुसऱ्याकडून करून घेण्याची गोष्ट होती, ती आरशासमोर एकट्याने उरकण्याची झाली. आणि गंमत पाहा, याच जिलेटच्या कंपनीने १९१५ साली स्त्रियांसाठी वेगळा वस्तरा काढला. ज्या वस्तऱ्याला आमचे मित्र पुरुषत्वाची खूण समजतात, तो स्त्रियांच्या हाती जाऊन शतक उलटले. वस्तरा पुरुषाचा आणि मलम स्त्रीचे ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, धर्मानेही नाही. ती मुख्यतः विसाव्या शतकातील जाहिरातींनी केली, आणि आता खप वाढावा म्हणून त्याच जाहिराती ती पुसू पाहात आहेत.

या इतिहासाचा शेवटचा अध्याय मात्र बाजारात नव्हे, रुग्णालयात घडला. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याच्या अंगावरील केस वस्तऱ्याने घोटून काढण्याची चाल जगभर रूढ होती, आणि स्वच्छतेसाठी ती आवश्यकच आहे असे मानले जाई. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. ज्यांचे केस वस्तऱ्याने काढले त्यांच्यात जखम दूषित होण्याचे प्रमाण शेकडा ५.६ निघाले; ज्यांना मलम लावले किंवा ज्यांचे केस काढलेच नाहीत, त्यांच्यात ते शेकडा ०.६ होते. वस्तरा कितीही हलक्या हाताने फिरविला, तरी तो कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे सोडतो, आणि जंतू तेथेच घर करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली दिलेला सल्ला असा: शस्त्रक्रियेपूर्वी शक्यतो केस काढूच नयेत, अगदीच अडचण असेल तर कातरयंत्राने कापावेत, वस्तरा वापरू नये. सुश्रुताने वस्तरा आणि लेप शेजारी शेजारी ठेवले होते. त्यांतला कोणता केव्हा, हा प्रश्न मोजून पाहण्यास माणसाला एवढी शतके लागली, आणि उत्तर आले ते, पुष्कळदा दोन्हीही नकोत, असे.

तेव्हा आमच्या समवयस्क वाचकांना आमची विनंती इतकीच, की घरातल्या मुलाच्या कपाटात अशी नळी दिसली तर तिला थिल्लरपणा समजून त्याची बिनपाण्याने करू नये. त्याच्या चेहऱ्यावर पुळ्या उठत असतील, तो खेळाडू असेल, किंवा त्याला नुसती आवडही असेल. त्यात नवे किंवा लाजिरवाणे काही नाही. मात्र त्याला दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. वेष्टनावर जेथे लावू नये म्हटले आहे तेथे लावू नये, आणि आधी मनगटावर थोडे लावून दिवसभर वाट पाहावी. आणि तुम्हां-आम्हांला शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याची वेळ आली, अन् आदल्या रात्री कोणी जुन्या सवयीने वस्तरा घेऊन आले, तर संकोच न करता डॉक्टरांना विचारावे की याची खरोखर गरज आहे काय. बदलीच्या गावी, परक्या भाषेत, असे प्रश्न विचारणे जिवावर येते हे आम्ही जाणतो. पण हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.