दान, अनुदान आणि तरतूद

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बाईला पहिल्या रात्री काय लागते? निजायला सुरक्षित जागा, तिचे ऐकून घेणारे माणूस आणि दवाखान्यापर्यंत, पोलीस ठाण्यापर्यंत सोबत. या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो. तो कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे बराच जुना आहे.

एकोणिसाव्या शतकात त्याचे उत्तर होते, दान. फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, ती आपल्याच घरात. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. त्यासाठी त्यांनी आधी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने दिली होती. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे खर्च उचलायचे कबूल केले, तेव्हा सदन उभे राहिले. घरात छळ सोसणाऱ्या विधवेचा आसरा अशा रीतीने सातासमुद्रापलीकडच्या वर्गणीवर अवलंबून होता.

स्वातंत्र्यानंतर सरकार पुढे आले, ते अनुदान घेऊन. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा. संस्थांनी काम करायचे आणि सरकारने हातभार लावायचा, अशी ही पद्धत. संकटात सापडलेल्या स्त्रियांच्या अल्पमुदती निवासगृहांची योजना १९६९ ची. सोय झाली, पण अनुदान म्हणजे मंजुरी आली आणि मंजुरी म्हणजे वाट पाहणे आले. हप्ता लांबला तरी निवासगृहातली चूल बंद ठेवता येत नाही.

मग १९८० च्या दशकात हुंडाबळींच्या बातम्यांनी देश हादरला. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली भारतीय दंड विधानात ४९८ अ हे कलम आले. पतीकडून किंवा सासरच्यांकडून होणारा छळ गुन्हा ठरला. पण पोलीस ठाण्याची पायरी चढायला बाईला धीर कोण देणार? याचे एक उत्तर मुंबईत सापडले. टाटा समाज विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ साली पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत प्रशिक्षित समाजसेविका बसू लागल्या. त्या पोलीस नव्हत्या, पण पाठीशी पोलिसांचे वजन होते. तक्रार लिहायला मदत, नवऱ्याला बोलावून जाब विचारणे, स्त्रीधन परत मिळवून देणे, अशी कामे तिथून होऊ लागली. एका शिक्षणसंस्थेचा हा प्रकल्प पुढे महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने आपला मानला आणि तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला.

रुग्णालयातही असेच घडले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईची जखम तिथे नीट पाहिली जाऊ लागली. आरंभी देणगीवर चाललेले हे काम पुढे पालिकेने स्वीकारले आणि ते शहरातील इतर पालिका रुग्णालयांतही पोचले. दोन्ही ठिकाणी स्वयंसेवी संस्थेने वाट दाखवली, पण काम टिकले आणि पसरले ते सरकारी अंदाजपत्रकात जागा मिळाल्यावर.

याच्या उलट उदाहरण कायद्याचेच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याचा सारा डोलारा ‘संरक्षण अधिकारी’ या पदावर उभा आहे. अहवाल तयार करायचा, न्यायालयात अर्ज करायला मदत करायची, निवारा आणि उपचार मिळवून द्यायचे. पण या पदांसाठी वेगळा निधी कायद्याबरोबर आला नाही. राज्यांनी अनेक ठिकाणी आधीच कामाने वाकलेल्या अधिकाऱ्यांकडे हा अतिरिक्त कार्यभार सोपवला. अखेर २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले, सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी नेमा. कायदा होऊन तोवर जवळजवळ वीस वर्षे झाली होती.

दिल्लीतील घटनेनंतर २०१३ च्या अंदाजपत्रकात एक हजार कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. त्यातून २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि १८१ ही हेल्पलाइन सुरू झाली. उपचार, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका छताखाली, शिवाय पाच दिवसांपर्यंत आसरा. हा खर्च पूर्णपणे केंद्राचा. पण सहाव्या दिवशी बाईने जायचे कुठे? त्यासाठी ‘शक्ती सदन’ आहे. त्याचा खर्च आपल्यासारख्या राज्यांत केंद्र आणि राज्य साठ-चाळीसच्या प्रमाणात वाटून घेतात. म्हणजे दोन्ही तिजोऱ्या वेळेवर उघडल्या, तरच ती साखळी अखंड राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रिया कोणाकडे तरी मदत मागतात. मदत मागणाऱ्यांची ही संख्या वाढावी, असे आपण सगळेच म्हणतो. तसे झाले तर दार उघडायला माणूस असायला हवा आणि त्याचा पगार महिन्याच्या महिन्याला निघायला हवा. म्हणून अंदाजपत्रकाची बातमी वाचताना महिला व बालविकासाच्या रकान्यावरही एकदा नजर टाकावी. किती जाहीर झाले याबरोबरच किती खर्च झाले, हेही विचारावे.