काचेच्या पेटीबाहेरचे आईबाप



अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा इतिहास वाचायला घेतला की त्यात पेट्या, नळ्या, दिवे सगळे सापडते. आईबाप मात्र शोधावे लागतात.

पॅरिसचे डॉ. पिएर ब्युदें यांना ही गोष्ट फार आधी कळली होती. बाळाला काचेच्या पेटीत ठेवून आईला दूर केले, तर काही आया त्या बाळाला कायमच्या सोडून जातात, असे त्यांनी १९००च्या सुमारास लिहून ठेवले. म्हणून आईने यावे, पाहावे, अंगावर पाजावे, असा त्यांचा आग्रह.

पुढे मार्टिन कूनी नावाच्या आपल्याच ज्यू माणसाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत पेटीतली बाळे मांडली. १९०३ ते १९४३, तब्बल चाळीस वर्षे! बघ्यांना तिकीट पंचवीस सेंट. त्या पैशांवर बाळांचा खर्च निघे, आईबापांना एक पैसाही पडत नसे. बाळे जगली, हे त्याचे मोठे पुण्य. पण आईला फुकट पास मिळे, बाळाच्या देखभालीत भाग घेता येत नसे. मग बाळ धडधाकट झाले की काही आईबापांना ‘घरी न्या’ म्हणून समजवावे लागे. मला यात नवल वाटत नाही.

इस्पितळांनीही जंतूंच्या भीतीने तीच काच उभी केली. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला आयांना आत घेऊन पाहिले. जंतुसंसर्ग वाढला नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी १९७०मध्ये छापले. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्याच कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळ आईच्या उघड्या छातीवर बांधायला सांगितले. हीच ‘कांगारू’ पद्धत. आपल्या मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. गरजेने जे सुरू झाले, ते २०२२पासून जागतिक आरोग्य संघटना सर्वच अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सांगते, आणि तेही जन्मल्याबरोबर, शक्य तितक्या लवकर.

आता आपल्या घरातले. आठव्या दिवशी मिला झाली नाही की आजी कासावीस होते. आमच्या वॉर्डात अशा आज्या मी पुष्कळ पाहिल्या. पण बाळ अशक्त वा आजारी असेल तर थांबावे, हा आपल्या धर्माचाच जुना नियम आहे. बाळ सर्वांगाने आजारी पडले असेल, तर बरे झाल्यावरही सात दिवस जाऊ द्यावे लागतात. तेव्हा आईला रोज ‘तारीख ठरली का?’ असे विचारू नका. ‘वजन किती?’ हेही नको. ते आकडे ती झोपेतही मोजत असते.

मुबारक द्यायला मात्र विसरू नका. बाळ पेटीत आहे म्हणून लोक फोनच करत नाहीत. मग बाईला वाटते, आपण आई झालोच नाही. डबा पाठवा. मोठ्या मुलाला शाळेतून आणा. बापाला आत जायला सांगा, तो बाहेर गाडी लावून बसलेला असतो. त्याच्या छातीवरही बाळ उबेला राहते. एलियाहू हन्नाबीचा मलिदा नवसाचा असेल तर पोहे, खोबरे, फळे सगळे होईल, बाळ घरी आले की.