तुर्भ्याचा पावसाळा आणि भाताची पेज

मुंबईच्या पूर्वेस, घारापुरीच्या समोर, एक लांबट टेकडी समुद्राच्या कडेनें सुमारें हजार फूट वर चढलेली दिसते. हेंच ट्रॉम्बे, जुन्या मराठी तोंडीं तुर्भें. एके काळीं हें खाडीनें वेगळें झालेलें बेट होतें. पायथ्याशीं कोळीवाडा, त्याच्या आसपास मिठागरें आणि तिवरांचें रान. ज्येष्ठ सरतां सरतां होड्या वर ओढून घ्यावयाच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावावयाचा नाहीं, ही कोळ्यांची वहिवाट. परंतु त्या महिन्यांत समुद्राइतकेंच जमिनीवरचें पाणीही घातक ठरे. विहिरी गढूळ होत, खळग्यांत डबकीं सांचत आणि घरोघर हिंवताप, आंव, हगवण यांची हजेरी लागे. या सर्वांत भयंकर ती पटकी, म्हणजे कॉलरा.

तिचें एक जुनें वर्णन, तुर्भ्याच्या शेजारचें बेट ज्याच्या ताब्यांत होतें अशा एका परदेशी वैद्यानें लिहून ठेवलें आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं हिंदुस्थानांत आला. त्याच सालीं वसईच्या तहानें साष्टी, मुंबई व भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला होता. मराठ्यांनीं साष्टी जिंकून घेतली ती पुढें १७३७ मध्यें. ऑर्ता गोव्यास स्थायिक झाला आणि मुंबई बेट त्यानें खंडानें घेतलें. औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत तो म्हणतो कीं, या रोगाला इकडचे लोक ‘मोर्शी’ म्हणतात आणि पोर्तुगीज त्याचा ‘मोर्देशी’ असा अपभ्रंश करतात. हा आपला ‘मोडशी’ शब्द. फ्रेंचांनीं तर त्याचें ‘मोर द शियें’, म्हणजे कुत्र्याचें मरण, करून टाकलें! गंमत अशी कीं, आपल्या घरांत आज मोडशी म्हणजे पोट बिघडण्याचा साधा विकार. त्या शब्दाची जुनी दहशत पार ओसरली आहे.

या रोगावर इकडचे लोक काय करीत, तेंही ऑर्तानें नमूद केलें आहे. पायांना डाग देत, डोळ्यांत पिंपळी घालीत. आणि मिरीं व जिरें घालून भाताचें पाणी पाजीत. या पाण्याला त्यानें ‘कांजे’ म्हटलें आहे. आपली पेज ती हीच. डागणी आणि डोळ्यांतली पिंपळी यांनीं आधींच गळालेल्या रोग्याचे हालच झाले असतील. पण त्याच यादींत, कसलाही गाजावाजा न करतां, खरें औषध बसलें होतें.

पटकीनें माणूस मरतो तो मुख्यतः अंगांतलें पाणी व क्षार निघून गेल्यानें. ही गोष्ट युरोपांत फार उशिरां उमगली. तेथें एकोणिसाव्या शतकांतही अशा रोग्याचें रक्त काढीत आणि वर पाऱ्याचें रेचक देत. १८३२ सालीं स्कॉटलंडमधील लीथ येथें टॉमस लाटा या डॉक्टरानें मिठाचें पाणी शिरेंतून देऊन कांहीं रोगी वांचविले. पण त्याचा मार्ग पुढें बहुतेकांनीं सोडून दिला. रॉबर्ट कॉक यानें १८८४ सालीं कलकत्त्यास रोगाचा जंतु निश्चित केला, तरी पाण्याचा प्रश्न उरलाच. आंतड्यांत साखर व मीठ एकत्र असलें म्हणजे तीं एकमेकांस आंत घेऊन जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही शोषलें जातें, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिद्ध झालें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी पसरली आणि शिरेंतून देण्याचें द्रावण संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज पाण्यांत कालवून तें तोंडावाटेच पाजविलें. शेंकडा तीसपर्यंत जाणारें मृत्यूचें प्रमाण चाराच्याही खालीं आलें. साखरेऐवजीं तांदळाचें पीठ घालूनही हें द्रावण तयार होतें व तें पटकीवर चांगलें लागू पडतें, हें त्यानंतरच्या प्रयोगांनीं दाखविलें; कारण भातांतला पिष्ट पदार्थ आंतड्यांत हळूहळू साखरच होतो. मात्र मिठावांचून पेज अपुरी. तुर्भ्याच्या बाईला तें मीठ दारांतल्या आगरांतच मिळत होतें.

आजीबाईच्या बटव्यांतलीं इतर औषधें याच तोलाचीं होतीं असें नाहीं. आंवेवर कुड्याची साल उगाळून देत; तिच्यांतील कोनेसीन हें द्रव्य आंवेच्या अमीबावर खरोखरच काम करतें. मुरडशेंग, सुंठ, ओवा यांनीं पोटाला थोडा आराम पडे. हिंवतापाशीं मात्र बटव्याचें फारसें चालत नसे. काडेचिराईत, गुळवेल, तुळस यांचा कडू काढा पिऊन ताप उतरलासा वाटे. पण एक दिवसाआड येणारा ताप मुळांतच आपोआप उतरणारा, आणि त्याचें श्रेय काढ्याला मिळे. तिसऱ्या दिवशीं हुडहुडी परत येई. सिंकोना झाडाच्या सालींतून क्विनीन १८२० सालीं वेगळें काढलें गेलें. रोनाल्ड रॉस यानें १८९७ च्या ऑगस्टांत सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु पाहिला. मुंबईच्या हिंवतापावरील बेंटली यांच्या १९११ च्या अहवालानें तर बोट ठेवलें तें घरोघरच्या विहिरींवर. हा डांस वाढे तो त्यांतच. ज्या विहिरीच्या पाण्यानें काढा उकळला, तींतूनच ताप येत होता!

पुढें तुर्भ्याचें रूप पालटलें. १९५६ च्या ४ ऑगस्टला, भर पावसाळ्यांत, तेथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. पावसानें मात्र आपली रीत सोडली नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्या पुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिसचे रोगी एकाएकीं वाढले. हा रोग उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, पायाच्या लहानशा जखमेवाटे शरीरांत शिरतो. याला जुन्या बटव्यांत नांवही नाहीं. पुराच्या पाण्यांतून चालत आलेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लीन देतात, तें ताप येण्याची वाट न पाहतां. घरीं त्याच वेळीं चुलीवर पेज चढलेली असते, आणि तिच्यांत चिमूटभर मीठ.