काळी, पांढरी आणि तांबडी

जुन्या महसुली दप्तरांत गावाची वाटणी दोनच शब्दांत झालेली आढळते: पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीचे गावठाण ती पांढरी. वर्धा नदीच्या अलीकडील नरखेड तालुक्यात, जेथे १९५१ साली संपुष्टात येईपर्यंत मालगुजारीचा अंमल होता, तेथे या शब्दांना साऱ्याइतकाच बांधकामाचाही अर्थ होता. कारण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि भिंतीला दगा देते, उलट राखेने, शेणाने व पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या मुरलेली पांढरी भिंतीच्या कामी निमूटपणे उभी राहते.

या जोडीत तालमीने तिसरा रंग मिसळला. पांढरीच्या जाड भिंती, वर कवेलूंचे छप्पर, वाकूनच शिरावे लागेल असे बुटके दार, उंचावर एखाददुसरा झरोका, आणि मध्ये चाळून, तेल, ताक व हळद मुरवून, रोज फावड्याने उकरून ओलसर राखलेल्या तांबड्या मातीचा आखाडा, असा हा थाट असे. दिवसाचा ताप जाड भिंत आत पोहोचू देत नसे, आणि उकरलेल्या मातीतील ओल हवेत गारवा सोडीत राही. यामागे निसर्गप्रेम होते असे मानण्याचे कारण नाही. बैलगाडीला झेपेल तेवढ्याच पल्ल्यावरचे साहित्य आणायचे, एवढाच तो हिशेब होता.

कोल्हापुरास राजर्षी शाहूंनी, १९०२ च्या युरोपयात्रेत रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिल्यावर, खासबागेत १९१२ साली कुस्तीचे जे मैदान सिद्ध केले, त्याचीही जात हीच: मध्ये हौदा आणि सभोवती चढत गेलेला उतार, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही डाव दिसावा. वर्धेपलीकडे, अमरावतीस, १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तर देशी व्यायामाची प्रात्यक्षिके १९३६ साली थेट बर्लिनच्या ऑलिंपिकपर्यंत नेली. मातीत घडलेल्या शरीरांना परदेशी मैदान परके वाटले नाही.

मात्र मातीचे गुण गाताना तिची मर्यादाही सांगावी लागते: ३० जुलै १९९१ रोजी वर्धेच्या महापुराने नरखेड तालुक्यातीलच मोवाड उद्ध्वस्त केले, आणि साचलेल्या पाण्यापुढे पांढरीची भिंत विरघळते, हे कोणाही गवंड्यास ठाऊक आहे. त्यानंतर गावकऱ्यांनी पक्क्या घराचा आग्रह धरला तर त्यांस दोष कसा द्यावा?

आखाड्याचे रूप मात्र पुराने नव्हे, कुस्तीच्या गादीने पालटले. गादीस ओल चालत नाही, म्हणून माती जाऊन फरशी आली. फरशीवर पत्रा आला. आणि वैशाखाच्या दुपारी त्या पत्र्याखाली पंख्याचा वाराही गरमच लागतो.