वयात येणाऱ्यांचे प्रश्न आणि 'समाजस्वास्थ्य'

१५ जुलै १९२७ रोजी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी कर्वे यांचे थोरले चिरंजीव. ते विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली होती. मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते स्पष्ट उत्तरे देत. हस्तमैथुनाने शरीराची हानी होते ही समजूत निराधार आहे, असे त्यांनी मराठीत निर्भीडपणे सांगितले.

या उत्तरांचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळी विज्ञान कुठवर आले होते ते पाहू.

वृषण काढले किंवा निकामी केले की प्राण्याचा स्वभाव बदलतो, हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. अचलपूरच्या बैलबाजारात कोणीही सांगेल की गोऱ्हा बडवला की तो शांत होतो, कामाला लागतो. पण हे कसे घडते? १८४९ मध्ये गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा खुरटतो, आरवणे थांबते. तेच वृषण पोटात दुसऱ्या जागी बसवले, तर तुरा वाढतो आणि कोंबडा पुन्हा आरवतो. त्या जागी जुन्या मज्जातंतूंचा संबंध उरलेला नव्हता. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात मिसळत असले पाहिजे. अशा रासायनिक दूतांना १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टारलिंग यांनी 'हॉर्मोन' हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

त्याआधी एकच वर्ष, १९०४ मध्ये, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांचा पौगंडावस्थेवरील द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. हे वय म्हणजे वादळ, असे त्यांचे मत होते. पण वादळ कोणत्या द्रव्याने उठते, ते कोणालाच दाखवता आले नव्हते. इस्ट्रोन १९२९ मध्ये आणि टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये शुद्ध रूपात मिळाले. टेस्टोस्टेरॉन ॲमस्टरडॅममध्ये वळूंच्या वृषणांपासून वेगळे केले गेले. या क्षेत्रातील कामाबद्दल ब्युटेनांट व रुझिचका यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

या दोन शोधांच्या मधल्या काळात, १९३४ मध्ये, कर्वे मुंबईच्या न्यायालयात उभे होते. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांच्या मनात विकृती असेलच तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले, तोपर्यंत ते चालू होते.

मासिक मुंबईचे होते. अचलपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात, म्हणजे दुसऱ्या प्रांतात. पण मुलांचे प्रश्न प्रांत पाहून पडत नाहीत. वीर्य गेले की शक्ती गेली, या भीतीने खंगणारे तरुण भारतात सर्वत्र आढळतात. १९६० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या त्रासाला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. येथे वीर्यनाश रोग निर्माण करत नाही. रोग निर्माण होतो तो भीतीमुळे.

मग मुलांचे रुसणे, चिडणे सगळे संप्रेरकांमुळेच म्हणावे का? तसेही नाही. जीन ब्रुक्स-गन व मिशेल वॉरन यांनी १९८९ मध्ये किशोरवयीन मुलींच्या खिन्नतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिन्नतेत संप्रेरकांचा वाटा थोडा, तर घरी, शाळेत आणि मैत्रिणींमध्ये घडणाऱ्या घटनांचा वाटा जास्त, असे त्यांना आढळले. आपल्या दृष्टीने ही मोलाची गोष्ट आहे. संप्रेरकांवर शिक्षकाचा ताबा नसतो. वर्गातील वागणुकीवर असतो. पाळी आली म्हणून मुलीला हसणारा वर्ग आणि तिला समजून घेणारा वर्ग, यांत तिच्या मनःस्थितीच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

तरीही हा विषय शाळेत आला की वाद होतो. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध करून तो रोखला. पाठ्यपुस्तकात जननसंस्थेचे प्रकरण असते. पण पुष्कळदा ते 'घरी वाचून घ्या' असे सांगून पुढे ढकलले जाते.

कर्व्यांची पद्धत मात्र आजही वापरता येते. वर्गात एक बंद पेटी ठेवावी. मुलामुलींनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकाव्यात. आठवड्यातून एक तास विज्ञानाच्या बाईंनी किंवा सरांनी त्या वाचाव्यात आणि साध्या शब्दांत उत्तरे द्यावीत. उत्तर माहीत नसेल तेथे गावातल्या डॉक्टरांना बोलवावे. पहिल्या आठवड्यात पेटी बहुधा रिकामीच राहील. तरी ती काढू नये.