चार चाकांचे संस्थान

परवा-परवापर्यंत आमच्या सोसायटीत मला फारसे कोणी ओळखत नव्हते. 'तिसऱ्या मजल्यावरचे ते पेन्शनर' एवढीच माझी कीर्ती. पण गेल्या दसऱ्याला मी गाडी आणली आणि वॉचमन मला पाहून उठून उभा राहू लागला. गाडी विलायती, रंगाने काळीभोर, आत खऱ्या लाकडाची पट्टी आणि आमच्या दिवाणापेक्षा मऊ गाद्या. कंपनीचे नाव सांगत नाही. त्या बिचाऱ्यांनी गाडी उत्तमच केली होती. फक्त सोळा वर्षांपूर्वी केली होती.

नवी असताना तिची किंमत चाळीस लाख. मला पडली साडेतीन लाखांना.

"अहो, इतकी चांगली आहे, तर तो माणूस विकतोय कशाला?" सौ.ने विचारले.

बायकांना व्यवहार कळत नाही, असे मानण्याची आम्हा पुरुषांत जुनी पद्धत आहे. तिला अनुसरून मी नुसता हसलो.

आता आधीच कबूल करून टाकतो. ते साडेतीन लाख बँकेत ठेवीत होते आणि ती ठेव सौ.च्या उजव्या गुडघ्याच्या नावाने होती. डॉक्टर म्हणाले होते, "गुडघा बदलावा लागेल, पण घाई नाही." त्या वाक्यातले 'घाई नाही' हे दोनच शब्द मी लक्षात ठेवले.

महिना झाला आणि एके सकाळी पाहतो तो गाडी पुढून खाली बसलेली. देवळाबाहेरचा नंदी बसतो, तशी. गॅरेजच्या मिस्त्रीने खाली वाकून पाहिले, जिभेने 'च्च्' केले (हा आवाज ऐकला की निदान दहा हजारांचा खर्च समजावा) आणि म्हणाला, "साहेब, पुढचे दोन्ही गुडघे गेलेत."

मी दचकलो. हा शब्द याला कोणी सांगितला?

"हवेचं सस्पेन्शन आहे ना. दोन्ही बाजूंचं बदलायचं. कॉम्प्रेसरपण गेलाय. एक पंच्याऐंशी होतील."

"एकशे पंच्याऐंशी?"

"लाख, साहेब."

"अरे, अख्खी गाडी साडेतीन लाखांची!"

मिस्त्रीने हात पुसले आणि शांतपणे सांगितले, "गाडी साडेतीनची झाली, साहेब. पार्ट अजून चाळीस लाखांच्या गाडीचाच आहे. गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही."

मोठमोठ्या अर्थशास्त्र्यांना जे पाचशे पानांत सांगता येत नाही, ते या गृहस्थाने तेलकट फडक्याला हात पुसता पुसता सांगितले. गाडी त्याच्याकडे पडून राहिली आणि मला वाचनाला भरपूर वेळ मिळाला. मी इतिहासाकडे वळलो. आपल्याआधी किती जण बुडाले हे कळले, की बुडण्यात थोडी सोबत वाटते.

१९०४ च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस भेटले. एक श्रीमंताचा मुलगा, दुसरा गरिबीतून वर आलेला कारागीर. त्यांची 'सिल्व्हर घोस्ट' १९०७ मध्ये लंडन ते ग्लासगो अशी सत्तावीस वेळा पळवली. जवळजवळ १५,००० मैलांची ती परीक्षा. एवढ्या दामटणीत सुटे भाग बदलायला खर्च किती यावा? दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स! हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि पाणी प्यायलो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गाडी नवी होती. नवी असताना माझीही काही कमी नसेल. दोन पौंडांचा हिशेब सगळे सांगतात. सोळाव्या वर्षीचा हिशेब कोणी जाहिरातीत छापत नाही.

पुढच्याच वर्षी, १९०८ साली, असलीच एक घोस्ट आपल्याकडे आली. नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती. मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी होती. आज कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या घाटात गाडी तापली की आपण देवाचे नाव घेतो. त्या काळचे रस्ते, तेव्हाचे घाट, वर फुफाटा. पण या मोत्याने ती कसोटी जिंकली. पुढे तो ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतला. महाराजांना यंत्रांचा भारी षोक. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून फिरायची आणि पाहुण्यांना मद्य नि सिगार पोचवायची. आमच्याकडे आमटीचे पातेले अजून हातानेच पुढे सरकवावे लागते.

त्या काळी कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन द्यायची. वरची बॉडी दुसऱ्या कारागिराकडून बांधून घ्यायची. म्हणजे नुसता जरीचा काठ घ्यायचा नि लुगडे वेगळे विणून घ्यायचे. कोणाला शिकारीसाठी बॉडी हवी, कोणाला मिरवणुकीसाठी. हैदराबादच्या सहाव्या निजामाने तर आत सिंहासन असलेली पिवळी गाडी मागवली. ती १९१२ ची. निजाम १९११ मध्येच वारले. गाडी पुढे मोजक्या समारंभांपुरती बाहेर निघाली, काही शे मैलांपलीकडे धावलीच नाही, आणि आजही चौमहल्ला राजवाड्यात झळकत उभी आहे. जुनी भारी गाडी कमी खर्चात ठेवण्याचा हा एकच खात्रीचा मार्ग दिसतो: ती चालवायची नाही.

बाकीच्यांच्या गाड्या चालायच्या, आणि चालायच्या म्हणजे त्यांच्यामागे एक वेगळे खातेच चालायचे. शोफर, त्याच्या हाताखाली पोरगा, फिटर, पुसणारा वेगळा. शोफरांना शिकवायला कंपनीची विलायतेत शाळा होती. गाडीला रोज वंगण, रोज मालिश. एवढी चाकरी आमच्याकडे जावयाचीसुद्धा झालेली नाही. मिस्त्रीचे बिल महाराजांच्या हातात थोडेच पडत असणार! ते खजिन्यातून परस्पर भागायचे, आणि खजिन्यात पैसा यायचा तो शेतसाऱ्याचा. तिकडे कुणब्याने मोट हाकायची आणि इकडे राजवाड्याच्या पोर्चमध्ये सहा सिलिंडरांनी पाणी प्यायचे, असा तो व्यवहार. तेव्हा आमच्यासारख्यांनी फार उसासे टाकायचे कारण नाही.

मग स्वातंत्र्य आले, संस्थाने विलीन झाली, आणि राजांना तनखे ठरले. सगळ्यांना सारखे नव्हेत. कोणाला लाखांत, तर काठियावाडातल्या कटोडियाच्या संस्थानिकाला वर्षाला १९२ रुपये. महिन्याला सोळा! पण गाड्यांना विलीनीकरणाची बातमी कोणी दिली नव्हती. त्या पूर्वीइतकेच पेट्रोल पीत राहिल्या. सुटे भाग विलायतेतून आणायचे तर आयात परवाना हवा. मग लेथवर भाग घडवायचे, मिळतील ते टायर चढवायचे, आणि तेही नाही जमले तर विटांवर गाडी ठेवून वर ताडपत्री टाकायची. खाली कोंबड्या.

१९७० मध्ये राष्ट्रपतींच्या हुकुमाने राजांची मान्यता काढून घेतली गेली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जो खटला गाजला, तो माधवराव शिंद्यांचा. म्हणजे 'मोती' घेणाऱ्या महाराजांचे नातू. आजोबांनी गाडी घेतली आणि नातवाला तनख्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली! त्या डिसेंबरात नातू जिंकले. पण वर्षभरानेच, २८ डिसेंबर १९७१ ला, सव्विसावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तनखे कायमचे बंद झाले.

आता गंमत पाहा. त्याच १९७१ च्या फेब्रुवारीत खुद्द रोल्स-रॉइस कंपनीने हात वर केले होते. मोटारींपायी नव्हे, विमानाच्या आरबी-२११ नावाच्या इंजिनापायी. ते बनवता बनवता खर्च अंदाजाबाहेर गेला आणि शेवटी इंग्लंडच्या सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली. इस्टिमेट एक आणि बिल दुसरे, हा अनुभव खुद्द गाडी करणाऱ्यांना आला! हे वाचले आणि माझ्या मनावरचा बराच भार उतरला. एकाच वर्षी गाडी करणारा बुडाला आणि गाडीत बसणारा बसला.

त्या दोन दशकांत परदेशी गिऱ्हाईके येऊन राजवाड्यांतल्या कितीतरी गाड्या घेऊन गेली. आज त्यांच्या किमती कोटींत. हे मी सौ.ला मोठ्या उमेदीने सांगितले. जुनी झाली की गाडीची किंमत पुन्हा चढते! २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पुरी झाली की गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते.

"आपलीला किती झाली?"

"सोळा."

"म्हणजे अजून चौतीस. आणि तुम्हाला?"

मला एकोणसत्तर. चौतीस मिळवले आणि गप्प बसलो.

तेवढ्यात ती उठली. चहा ठेवायला जात होती. उठताना तिने टेबलाचा आधार घेतला, डोळे मिटले, क्षणभर थांबली आणि मग पाऊल टाकले. हे ती रोजच करत असावी. मी मात्र दोन महिने दुसऱ्याच गुडघ्यांखाली वाकून पाहत होतो. आतून तिचा आवाज आला, "साखर घालू का, की तीही गाडीला लागेल?"

त्या दिवशी आमचे संस्थान विलीन झाले. सरदार पटेल घरातच होते. मीच ओळखले नव्हते.

गाडी मिस्त्रीच्याच ओळखीने एक लाख वीस हजारांना गेली, दुखण्यासकट. उरलेला खड्डा सौ.च्या भिशीने आणि दोन पाटल्यांनी भरला. त्या पाटल्या तिच्या आईच्या होत्या. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

गाडी न्यायला एक तरुण आला होता. डोळ्यांत तीच चमक. मला राहवले नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "बाबा रे, गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही." तो नुसता हसला. ते हसू माझ्या ओळखीचे होते.

फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली. पाचव्या दिवशी टॅक्सीने घरी आलो. टॅक्सी बघून वॉचमन जागचा हलला नाही, पण सौ. काठी टेकत लिफ्टकडे निघाली, तेव्हा तो धावत येऊन दार धरून उभा राहिला.

"डॉक्टर काय म्हणाले हो? हा किती वर्षं टिकेल?" वर येताना तिने विचारले.

"पंधरा-वीस वर्षं तरी."

"आणि बिघडला तर?"

मी तोंड उघडणार, तोच तिने हात वर केला.

"राहू दे. इतिहास नको."