इंग्रजींतील ‘डू’चें स्थित्यंतर

इंग्रजी शिकूं लागलेल्या मराठी मुलाची पहिली मोठी अडवणूक ‘डू’ हा इवलासा शब्द करतो. ‘डू’ म्हणजे ‘करणें’ असें त्यास आरंभीं सांगितलेलें असतें, आणि थोड्याच दिवसांत ‘डू यू नो हिम?’ हें वाक्य त्याच्यापुढें येतें. ‘तूं त्यास ओळखतोस का?’ या अर्थांत ‘करणें’ कोठें आहे, हें तो शोधीत बसतो. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर आमच्याकडील कित्येक पिढ्यांनीं इंग्रजीचा अभ्यास केला. प्रश्नांत व नकारांत ‘डू’ घालावयाचा, हा नियम त्यांनीं पाठ केला. परंतु तो कां घालावयाचा, हें विचारण्याच्या भानगडींत फारसें कोणी पडलें नाहीं. आमच्या मतें त्याचें उत्तर व्याकरणाच्या नियमांत नसून इंग्रजीच्या इतिहासांत आहे.

चॉसर हा कवि १४०० सालीं वारला. त्याच्या काळची इंग्रजी प्रश्न विचारतांना क्रियापद उचलून कर्त्याच्या आधीं ठेवी, व नकार दर्शवितांना नकारवाचक शब्द थेट मुख्य क्रियापदाच्याच संगतीस देई. आजच्या शब्दांत सांगावयाचें तर ‘नो यू हिम?’ आणि ‘आय नो नॉट’ अशा तऱ्हेची ती रचना होती. ‘डू’ त्या वेळींही होता, पण तो स्वतःच्या अर्थानें जगत होता. त्याचा एक अर्थ ‘करणें’, दुसरा ‘करविणें’. अमक्यानें देऊळ बांधविलें असें म्हणावयाचें झाल्यास ‘डू’चें भूतकाळी रूप व त्याच्यापुढें ‘बांधणें’ या अर्थाचें क्रियापद, अशी जोडणी होई. आतां ‘शहाजहाननें ताजमहाल बांधविला’ आणि ‘शहाजहाननें ताजमहाल बांधला’ या दोन वाक्यांत आम्ही तरी कोठें भेद करतों? बादशहानें स्वतः दगड वाहिले नाहींत, हें दोन्हीकडे गृहीतच असतें. अशा वाक्यांतून ‘डू’चा प्रयोजक अर्थ झिजत गेला व मागें नुसतें टरफल उरलें, असें एका पक्षाचें म्हणणें आहे. दुसरा पक्ष वेल्श व कॉर्निश या शेजारच्या भाषांकडे बोट दाखवितो. त्यांत अशीच रचना आहे, आणि ‘डू’चा हा रिकामा प्रयोग तेराव्या शतकांत प्रथम आढळतो तोही इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील पद्यांत. वाद अद्याप मिटलेला नाहीं. आम्हांस पहिलें मत अधिक पटतें.

पद्यकारांना हें टरफल फार सोयीचें पडलें. ‘डू’ आधीं येऊन गेला कीं मुख्य क्रियापद मूळ रूपांत चरणाच्या अखेरीस बसवितां येई आणि यमक सहज साधे. सोळाव्या शतकांत ही लकब गद्यांतही बोकाळली. ‘ही वेंट’च्या जागीं, कसलाही जोर द्यावयाचा नसतांना, ‘ही डिड गो’ असें लोक लिहूं लागले. आल्व्हार एलेगोर्ड या स्वीडिश पंडितानें जुन्या लिखाणांतील असे प्रयोग चिकाटीनें मोजून १९५३ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या गणनेप्रमाणें साध्या होकारार्थी वाक्यांतील ‘डू’ सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कळसास पोंचला व पुढें ओसरत गेला; प्रश्नांत मात्र तो वाढत राहिला, आणि नकारांतही, मध्यें कांहीं काळ अडखळून, त्यानें आपलें ठाण मांडलें. शेक्सपिअरच्या नाटकांत व १६११ च्या बायबलांत जुनी आणि नवी रचना शेजारींशेजारीं नांदते.

एकाच शब्दाला एके ठिकाणीं आश्रय व दुसऱ्या ठिकाणीं हद्दपारी, असें कां व्हावें? इंग्रजीनें तोंवर आपले बहुतेक विभक्तिप्रत्यय गमावले होते. मराठींत ‘रामानें रावणास मारिलें’ हें वाक्य कसेंही उलटसुलट करा, मारणारा कोण तें प्रत्ययच सांगतात. इंग्रजींत तें काम शब्दांच्या जागेवर येऊन पडलें: आधीं कर्ता, मग क्रियापद, त्यास लागून कर्म. ‘नो यू हिम’ म्हटलें कीं ही रांग मोडते. ‘डू’ला पुढें पाठवून दिलें कीं ‘यू नो हिम’ ही रांग जशीच्या तशी राहते. साध्या होकारांत रांग मोडण्याचा प्रश्नच नव्हता. तेथें ‘डू’ला काम उरलें नाहीं आणि तो केवळ जोर देण्यापुरता राहिला.

व्याकरणकार आले ते यानंतर. १७११ सालीं पोपनें ‘डू’ घालून चरण भरून काढणाऱ्या कवींची टर उडविली, आणि ती उडवितांना त्याच चरणांत एक फुकटचा ‘डू’ मुद्दाम घातला. १७५५ सालीं डॉक्टर जॉन्सननें आपल्या कोशास जोडलेल्या व्याकरणांत हा निरर्थक ‘डू’ सदोष ठरविला. पण बोलणाऱ्यांनीं तो आधींच टाकून दिलेला होता. पंडितांनीं केवळ दवंडी पिटली. डॉर्सेटच्या शेतकऱ्यांपर्यंत ती पोंचली नाहीं. त्यांची बोली, जींत विल्यम बार्न्सनें एकोणिसाव्या शतकांत कविता लिहिल्या, नित्याच्या क्रियेसाठीं हा ‘डू’ खुशाल वापरी. कायद्याच्या भाषेनेंही तो सोडला नाहीं. भारताच्या राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टांत शपथेचे जे इंग्रजी मसुदे आहेत, त्यांत ‘डू स्वेअर’ असेंच आहे; मराठींत शपथ घेणारा नुसतें ‘शपथ घेतों’ म्हणतो, आणि त्यांत कांहींही उणें पडत नाहीं.

आतां त्या मुलाकडे वळूं. ‘डू यू नो’ यांतील ‘डू’चें मराठी ‘करणें’ नव्हे, ‘का’ आहे. भेद इतकाच कीं ‘का’ हें निर्विकार अव्यय आहे, त्यास काळाशीं कर्तव्य नाहीं. ‘डू’ जातीचा क्रियापद असल्यानें काळाचें व पुरुषाचें ओझें तोच उचलतो, आणि मुख्य क्रियापद मोकळें राहतें. ‘तूं जात नाहींस’ येथें आमचा ‘नाहीं’ पुरुषाचें ओझें असेंच उचलतो. पण ‘तो गेला नाहीं’ म्हणतांना भूतकाळ ‘गेला’ याच्याच अंगावर असतो, आणि म्हणूनच मराठी मूल ‘ही डिड नॉट वेंट’ लिहितें. शिक्षक तें तांबड्या शाईनें खोडून मुलाच्या बुद्धीस बोल लावतात. वस्तुतः मूल आपल्या भाषेचा नियम इमानानें पाळीत असतें. ‘गेला नाहीं’ आणि ‘डिड नॉट गो’ हीं दोन रूपें फळ्यावर एकाखालीं एक लिहून भूतकाळाच्या खुणेवर बोट ठेवण्यास पांच मिनिटें पुरतात; तीं पांच मिनिटें देणारे शिक्षक आम्हीं फार थोडे पाहिले.

इंग्रजांच्या घरींही हा कारभार सर्वत्र सारखा नाहीं. ‘बी’, ‘कॅन’, ‘मस्ट’ यांनीं ‘डू’ला उंबऱ्याच्या आंत घेतलें नाहीं. ‘हॅव’ पुष्कळ दिवस अडून राहिला. आतां इंग्लंडांतही ‘डू यू हॅव’ असेंच बहुधा ऐकूं येतें. ‘नीड’ व ‘डेअर’ हीं दोन क्रियापदें मात्र अजून दोन डगरींवर पाय ठेवून उभीं आहेत: ‘नीड आय गो?’ हेंही चालतें, आणि ‘डू आय नीड टू गो?’ हेंही.